पॅनोरमा पाठवला, पण समोरच्याला दिसला का?

या वेळच्या टपालात एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे: फोटो मन लावून काढला, जोडला, पाठवला आणि समोरच्याच्या पडद्यावर भलतेच काही उमटले. साधा फोटो उघडला की दिसतो. पॅनोरमाचे तसे नाही. त्याला कसे उलगडायचे याची माहिती सोबत जावी लागते आणि ती वाचून चित्र दाखवणारा व्ह्यूअर, म्हणजे ॲप किंवा वेबपान, समोर असावा लागतो. दोहोंपैकी एक वाटेत गळाले की चांगल्या कामाची माती होते. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहोत.

गणेशोत्सवात आमच्या वाडीच्या मंडपाचा ३६० अंशांचा फोटो काढला. माझ्या फोनवर तो बोटाने फिरवून पाहता येतो. व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवला, तर त्यांना वाकडी-तिकडी आडवी पट्टी दिसते. फोटो बिघडला आहे का? (गिरगाव)

फोटो धड आहे. ३६० अंशांचा फोटो साध्या जेपेग फाइलमध्येच साठवलेला असतो. शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा जसा गोल पृथ्वी सपाट करून मांडतो, तसाच हा फोटो तुमच्या भोवतीचा गोल सपाट करून मांडतो. म्हणून त्याची रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट असते आणि मंडपाचे छत व जमीन पसरट दिसतात. या मांडणीला इक्विरेक्टँग्युलर म्हणतात. 'हे चित्र गोलावर गुंडाळून दाखव' ही सूचना फाइलच्या पोटात एक्सएमपी नावाच्या मेटाडेटात, म्हणजे चित्रासोबत साठवलेल्या माहितीत, असते. तुमचा फोन ती वाचतो, म्हणून तुम्हाला फोटो फिरवता येतो.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना दोन गोष्टी होतात. चित्र लहान होते (साध्या पर्यायात लांब बाजू जेमतेम दीड-दोन हजार पिक्सेलवर येते) आणि मेटाडेटा पुसला जातो. एचडी पर्याय निवडला तर पिक्सेल जास्त राहतात, पण सूचना तरीही जाते. उपाय असा: ॲन्ड्रॉइडवर चापाच्या खुणेवर, आयफोनवर अधिकच्या चिन्हावर बोट ठेवा, 'डॉक्युमेंट' निवडा आणि फाइल मॅनेजरमधून मूळ फाइल पाठवा. अशी फाइल जशीच्या तशी पोहोचते. मर्यादा २ जीबीची आहे, म्हणजे ती आड येणार नाही.

तरी निम्मेच काम झाले. समोरच्याच्या फोनमधल्या गॅलरीला ती सूचना वाचता आली पाहिजे, आणि अनेक गॅलऱ्यांना ती येत नाही. म्हणून वडीलधाऱ्यांना फाइल पाठवण्यापेक्षा लिंक पाठवा. गूगल फोटोजमध्ये मूळ फाइल चढवून त्याची लिंक दिली तर ती ब्राउझरमध्ये उघडते आणि फिरते. चढवताना 'ओरिजिनल क्वालिटी' निवडा. 'स्टोरेज सेव्हर' १६ मेगापिक्सेलच्या वरचा फोटो १६ वर आणतो. दोनास एक आकाराच्या फोटोसाठी ती रुंदी साधारण ५६५६ पिक्सेल भरते. फोनवर पाहायला ते चालेल, पण मूळ प्रत म्हणून तेवढीच ठेवणे परवडणार नाही.

आणखी एक. फोटो उजळ करायला एखाद्या ॲपमध्ये उघडून पुन्हा साठवला तरी तेथेही सूचना गळू शकते. एक्झिफटूल या मोफत साधनाने मूळ फाइलचा मेटाडेटा नव्या फाइलवर जसाच्या तसा उतरवता येतो. मात्र मध्ये फोटो कापलेला नसावा. कापलेल्या फोटोवर मापाचे जुने आकडे बसवले तर क्षितिज हलते.

मरीन ड्राइव्हचा पॅनोरमा फोनच्या नेहमीच्या पॅनो मोडमध्ये काढला: डावीकडे नरिमन पॉइंट, उजवीकडे मलबार हिल. फोटोत सरळ कट्टा मधोमध खाली झुकलेला दिसतो. ३६०च्या व्ह्यूअरमध्ये टाकला तर इमारती दुप्पट रुंद होतात आणि मलबार हिलला लागूनच नरिमन पॉइंट येतो! (मुलुंड)

कट्टा झुकणे हा दोष नाही. फोनचा पॅनोरमा दंडगोलावर छापलेला असतो. क्षितिजरेषा त्यात सरळ राहते, पण तिच्या खालची सरळ आडवी रेषा तुमच्या अगदी समोर, म्हणजे सर्वात जवळ, खाली जाते आणि दोन्ही टोकांना क्षितिजाकडे वर चढते. योग्य कोन दिलेल्या व्ह्यूअरमध्ये कट्टा पुन्हा सरळ होतो.

तुमच्या व्ह्यूअरला कोनच सांगितलेला नाही. म्हणून तो १८० अंशांचा फोटो ३६० अंशांचा समजून पूर्ण गोलावर ताणतो. आकडे तुम्हालाच द्यावे लागतील, आणि हिशेब अवघड नाही.

समजा फोटो १०,८०० पिक्सेल रुंद आणि ३,००० पिक्सेल उंच आहे. आधी त्यात किती अंश आले आहेत ते ठरवा. नकाशावर तुम्ही उभे होतात त्या जागेपासून फोटोच्या दोन टोकांना दिसणाऱ्या ठळक इमारतींकडे रेषा ओढा आणि कोनमापकाने कोन मोजा. तो १८० आला असे धरू. मग पूर्ण वर्तुळाची रुंदी १०,८०० च्या दुप्पट, म्हणजे २१,६०० होईल, आणि पूर्ण गोलाची उंची तिच्या निम्मी, १०,८००. हे दोन आकडे मेटाडेटातल्या 'फुल पॅनो विड्थ' आणि 'फुल पॅनो हाइट' या खान्यांत जातात. 'क्रॉप्ड एरिया' च्या रुंदी-उंचीत फोटोचे स्वतःचे १०,८०० आणि ३,००० लिहा. फोटोच्या डावीकडे रिकामी राहणारी जागा उरलेल्या रुंदीच्या निम्मी, म्हणजे ५,४००.

वरच्या जागेच्या आकड्यात बहुतेक जण चुकतात. सरळ निम्मे करून ३,९०० लिहिले जातात, पण ते फक्त क्षितिज फोटोच्या बरोबर मध्यावर असेल तरच खरे. व्ह्यूअर पूर्ण गोलाचा मध्य, म्हणजे ५,४०० वी ओळ, क्षितिज मानतो. तुमच्या फोटोत समुद्राची कड वरून १,७०० व्या पिक्सेलवर असेल तर वरची जागा ५,४०० वजा १,७००, म्हणजे ३,७०० हवी. दोनशे पिक्सेलांची ही गफलत तीन अंशांहून जास्त भरते आणि फिरवताना समुद्र वाटीसारखा वाकतो.

पॅनेलमसारखा ब्राउझरमध्ये चालणारा व्ह्यूअर स्वतःच्या पानावर लावणार असाल तर तेथे पिक्सेलांऐवजी अंश मागितले जातात: आडवा कोन १८०. उभा कोन काढताना दंडगोल लक्षात घ्या. त्रिज्या म्हणजे १०,८०० भागिले पाय (π), सुमारे ३,४३८ पिक्सेल. फोटोची निम्मी उंची १,५००. त्यांचा कोन सुमारे २३.६ अंश, दुप्पट केला की ४७. इतक्या कमी उंचीत दंडगोल आणि गोल यांतला फरक डोळ्याला जाणवत नाही. फोन उभा धरून खूप उंच पट्टी काढली असेल तर मात्र आधी ह्यूजिन या पॅनोरमा जोडणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दंडगोलावरून इक्विरेक्टँग्युलरमध्ये बदलून घ्या.

आमच्या पुनर्विकास झालेल्या इमारतीच्या गच्चीवरून काढलेला ११,९६८ × ५,९८४ पिक्सेलचा फोटो आमच्या संकेतस्थळावर ठेवला. संगणकावर झकास दिसतो. काही सभासदांच्या फोनवर 'हा पॅनोरमा या उपकरणासाठी फार मोठा आहे' असा संदेश येतो, काहींना नुसता काळा चौकोन. फाइल तर अवघी १५ एमबी आहे. (परळ)

१५ एमबी हे डाउनलोडचे वजन. चित्र दाखवण्यासाठी ते पूर्ण उलगडून ग्राफिक्स चिपच्या स्मृतीत ठेवावे लागते आणि तेथे जेपेगची घडी उपयोगाची नाही. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरा: ११,९६८ गुणिले ५,९८४ गुणिले ४, म्हणजे सुमारे २८६ एमबी. जुना फोन येथेच दम टाकतो आणि ब्राउझर पान बंद करतो किंवा काळे दाखवतो.

दुसरी मर्यादा याहून कडक आहे. वेबजीएल (ब्राउझरमधून ग्राफिक्स चिप वापरण्याची व्यवस्था) एका वेळी किती रुंद चित्र उचलेल हे उपकरणावर ठरते. जुन्या फोनवर ४,०९६, बऱ्याच फोनवर ८,१९२, चांगल्या संगणकावर १६,३८४ पिक्सेल. तुमचा फोटो पहिल्या दोन्ही गटांच्या बाहेर आहे. म्हणूनच तुम्हाला दिसतो आणि त्यांना नाही.

सोपा उपाय म्हणजे ४,०९६ × २,०४८ ची वेगळी प्रत करून तीच ठेवणे. स्मृती साडेतेहतीस एमबीवर येते आणि बहुतेक फोनवर ती उघडते. पण त्याची किंमत समजून घ्या. ४,०९६ पिक्सेल ३६० अंशांत वाटले की एका अंशाला ११ पिक्सेल येतात. पडद्यावर एका वेळी ९० अंश दिसत असतील तर प्रत्यक्षात १,०२४ पिक्सेलच वापरात असतात. फोनवर ते खपते. १,९२० पिक्सेलच्या संगणकी पडद्यावर तेच जवळपास दुप्पट ताणले जाते आणि 'फोटो धूसर आहे' अशी तक्रार येते. कॅमेऱ्याला उगाच दोष दिला जातो.

गच्चीवरून दिसणारे मुंबईचे दृश्य लोक जवळ आणून, आपली खिडकी शोधत पाहणार. त्यासाठी तुकड्यांची पद्धत वापरा. पॅनेलमसोबत एक पायथन स्क्रिप्ट मिळते; तिला ह्यूजिनमधले नोना हे साधन लागते. ती गोलाचा सहा बाजूंचा ठोकळा करते आणि प्रत्येक बाजू ५१२ पिक्सेलच्या फरशांत कापते, अनेक आकारांत. तुमच्या फोटोच्या ठोकळ्याची बाजू सुमारे ३,८०८ पिक्सेल होईल आणि सगळ्या पातळ्या मिळून पाचशेच्या वर छोट्या फाइली तयार होतील. पाहणारा जेथे पाहतो तेवढ्याच फरश्या उतरतात. लोकलमध्ये नेटवर्क येत-जात असतानाही आधी धूसर आणि मग स्पष्ट असे चित्र मिळते, रिकामा पडदा नाही.

या फाइली चढवताना दोन ठिकाणी गाडी अडते. एखादी उपफोल्डर अर्धवट चढते आणि चित्रात काळे चौकोन उरतात. दुसरे म्हणजे नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरे. विंडोजला दोन्ही सारखीच, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्यांना ती वेगळी नावे वाटतात. घरी चालणारे पान सर्व्हरवर कोरे दिसले की आधी हेच तपासा.

चित्र हलके करायला वेबपी हा फाइल-प्रकार वापरणार असाल तर त्याची कमाल बाजू १६,३८३ पिक्सेल आहे हे ध्यानात ठेवा. जेपेगची ६५,५३५ आहे.

पॅनेलमचे पान पेनड्राइव्हवर घेऊन शाळेत दाखवायला गेलो. पानावर डबल क्लिक केले तर चित्र येतच नाही. शिवाय संकेतस्थळावरचे पान आयफोन फिरवला तरी फिरत नाही. (बोरिवली)

डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला शेजारचे चित्र वाचू द्यायला ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने नकार देतो. पायथन ३ सोबत येणारा छोटा सर्व्हर (एचटीटीपी डॉट सर्व्हर हे मॉड्यूल) त्या फोल्डरमध्ये चालू करा आणि ब्राउझरच्या पत्त्यात 'लोकलहोस्ट' व पोर्ट ८००० लिहा. इंटरनेट लागत नाही. शाळेच्या संगणकावर पायथन आहे का, हे आदल्या दिवशी पाहून ठेवा. हाच नकार तुम्हाला वेबवरही भेटेल: पान एका सर्व्हरवर आणि चित्र दुसऱ्यावर असेल, आणि दुसऱ्याने तशी परवानगी देणारा हेडर पाठवला नाही, तर वेबजीएल चित्र घेत नाही. पान आणि चित्र एकाच ठिकाणी ठेवणे उत्तम.

आयफोनचे कारण वेगळे. आयओएस १३ पासून (२०१९) पानाला फोनच्या हालचालीची माहिती हवी असेल तर परवानगी मागावी लागते, आणि ती पाहणाऱ्याने बटण दाबल्यावरच मागता येते. पान एचटीटीपीएसवर असले पाहिजे. जुना व्ह्यूअर ही परवानगी मागतच नाही, म्हणून नवी आवृत्ती लावा. व्ह्यूअर दुसऱ्या पानात आयफ्रेमने (पानात पान दाखवणाऱ्या चौकटीने) बसवला असेल तर त्या आयफ्रेमच्या 'अलाउ' मध्ये जायरोस्कोप आणि ॲक्सेलरोमीटर हे दोन्ही शब्द लिहा. ते विसरल्यामुळे ॲन्ड्रॉइडवरही फिरणे बंद पडते.

इन्स्टाग्रामवर पॅनोरमा कसा टाकू? (अंधेरी)

तेथे फिरवता येणारा ३६० फोटो टाकता येत नाही. लांब पॅनोरमा ३,२४० × १,३५० चा करा, त्याचे १,०८० × १,३५० चे तीन तुकडे कापा आणि एकाच पोस्टमध्ये क्रमाने लावा. काप माणसाच्या चेहऱ्यावर किंवा मनोऱ्यावर येणार नाही हे कापण्याआधी बघा. ३६० असेल तर व्ह्यूअरमध्ये सावकाश फिरवत स्क्रीन रेकॉर्ड करून रील करा.

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहून ३६० काढला. पान उघडताच सगळ्यांना आधी रिकामे मैदानच दिसते, राजाबाई टॉवर शोधावा लागतो. शिवाय एका ठिकाणी आकाशात उभी रेघ आहे. (दादर)

दोन्ही दुखणी एकाच कृतीने बरी होतात. ओव्हलवर तर पहिली नजर कोठे पडते याला मोठा अर्थ आहे: पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत या दोन्ही बाजू मिळून गेल्या.

मेटाडेटात सुरुवातीची दिशा लिहिण्याचा खाना आहे, पण सगळे व्ह्यूअर तो मानत नाहीत. चित्राचा मध्य मात्र जवळजवळ सगळेच आधी दाखवतात. म्हणून चित्रच सरकवा. गिम्पमध्ये लेयरच्या ट्रान्सफॉर्ममध्ये, फोटोशॉपमध्ये फिल्टरच्या 'अदर' मध्ये 'ऑफसेट' आहे. 'रॅप अराउंड' निवडून टॉवर मध्यावर येईपर्यंत आडवे सरकवा. उभा आकडा शून्यच ठेवा. ८,१९२ रुंदीच्या चित्रात एक अंश म्हणजे पावणेतेवीस पिक्सेल. टॉवर मध्यावर आला की 'पोज हेडिंग' मध्ये मैदानातून टॉवरकडची होकायंत्राची दिशा लिहा, म्हणजे नकाशाला जोडताना चूक होणार नाही.

सरकवल्यावर ती रेघ, म्हणजे चित्राच्या डाव्या-उजव्या कडांचा सांधा, आत येईल आणि स्पष्ट दिसेल. ती बहुधा जोडकामाची नसते. चित्र सपाट समजून धार वाढवणे, कडा गडद करणे किंवा ग्रेडियंट लावणे असे फिल्टर लावले की दोन कडांना वेगवेगळे रंग मिळतात. हीलिंग ब्रशने ती पुसा आणि पुढच्या वेळी असे फिल्टर जोडण्याआधीच्या सुट्या फोटोंवर लावा.

आमच्या संस्थेने सुवर्णमहोत्सवात वास्तूची 'आभासी सफर' करून घेतली होती. सीडी आहे, पण आता काहीच उघडत नाही. ज्या परदेशी संकेतस्थळावर प्रत होती तेही बंद झाले. सगळे गेले का? (विलेपार्ले)

बहुधा नाही. गेला आहे तो व्ह्यूअर. चित्रे सीडीत असण्याची शक्यता चांगली आहे. ॲपलने १९९५ मध्ये क्विकटाइम व्हीआर आणले, पुढे जावा ॲपलेट आणि फ्लॅश आले, आणि एकेक करून सगळे मिटले. क्रोमने जावा ॲपलेट चालवणारी प्लगइन व्यवस्था २०१५ मध्ये काढली. फ्लॅशचा शेवट ३१ डिसेंबर २०२० रोजी झाला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर मजकूर चालवणेच नाकारतो. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनावर जुना क्विकटाइम ७ चालत नाही.

आजच सीडीची पूर्ण प्रत हार्डडिस्कवर घ्या, कारण सीडी कायम टिकत नाही. मग फोल्डर उघडा. जावा ॲपलेट शेजारच्या साध्या जेपेग फाइली वाचत असे. दोनास एक आकाराची जेपेग सापडली तर काम संपले, ती कोणत्याही आजच्या व्ह्यूअरमध्ये टाका. फ्लॅशची एसडब्ल्यूएफ फाइल असेल तर जेपेक्स हे मोफत साधन तिच्यातली चित्रे बाहेर काढते. क्विकटाइमची एमओव्ही फाइल असेल तर ती पॅनो२व्हीआर या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहा. जुन्या दंडगोल प्रकारात चित्र ९० अंशांत वळवून, पट्ट्यांत कापून ठेवलेले असते. आडवे पडलेले तुकडे पाहून फाइल खराब आहे असे समजू नका.

ठोकळ्याच्या सहा चौकोनी बाजू हाती आल्या तर ह्यूजिनमध्ये घ्या. लेन्सचा प्रकार रेक्टिलिनिअर, आडवा कोन ९० अंश. चार भिंतींना यॉ (आडवी दिशा) ०, ९०, १८०, २७०. छताला पिच (वर-खालचा कोन) अधिक ९०, जमिनीला उणे ९०. कंट्रोल पॉइंट शोधू नका, ऑप्टिमाइझ करू नका. आउटपुट इक्विरेक्टँग्युलर, ३६० × १८०. रुंदी बाजूच्या सुमारे ३.१४ पट: बाजू १,००० असेल तर ३,१४० × १,५७०. छत भिंतींशी जुळले नाही तर त्याचा रोल (जागच्या जागी फिरवण्याचा कोन) ९० च्या पटीत बदला.

हक्काचा प्रश्न येईल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काढून घेणाऱ्याचा असतो. जुन्या फाइलींत करारपत्र शोधा.

नवी प्रत ठेवताना दोनास एकची पूर्ण आकाराची जेपेग किंवा टिफ, काढलेले मूळ फोटो आणि जोडणीची ह्यूजिन फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. संकेतस्थळावर चढवलेली प्रत ही दाखवण्याची प्रत. मायक्रोसॉफ्टचे फोटोसिंथ २०१७ मध्ये बंद झाले, तेव्हा ज्यांच्याकडे मूळ फोटो होते त्यांना पॅनोरमा पुन्हा बांधता आला.

वन-रूम-किचनचा ३६० फोटो भाडेकरूंना पाठवतो. दाराच्या चौकटीला तडा गेल्यासारखा दिसतो. (घाटकोपर)

दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात भिंगे एकमेकांपासून थोडी दूर असतात, त्यामुळे जवळची वस्तू जोडाच्या रेषेवर आली की सरकते. लहान खोलीत कॅमेरा सर्व भिंतींपासून शक्य तर मीटरभर दूर ठेवा आणि चौकट, कपाट यांच्याकडे भिंगाचे तोंड करा, कडा नको. उंची १३० ते १५० सेंटिमीटर. खिडकी पांढरी पडत असेल तर एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो एकत्र करणारा पर्याय) लावा आणि पंखा बंद करा, नाहीतर पात्यांच्या सावल्या एकावर एक येतात. काढण्याआधी खोलीत एकदा पूर्ण वळून पाहा: ३६० फोटोत वीजबिल, औषधांची पाकिटे, किल्ल्यांचा जुडगा, आरशातला माणूस, सगळे येते आणि लोक ते जवळ आणून वाचतात. फाइलमधले जीपीएस पाठवण्याआधी काढा. फक्त जीपीएसच निवडा. सगळा मेटाडेटा पुसलात तर फोटो पुन्हा सपाट पट्टी होईल.